फ्रीजरमधले चौदा फेझंट

(गाव, महाविद्यालय आणि घर ओळखू येऊ नये इतपत तपशील बदलले आहेत. घटनाक्रम आणि चुका बदललेल्या नाहीत.)

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं महाविद्यालय आहे. प्राणिशास्त्र विभागाचं एक छोटं संग्रहालय आहे. छोटं म्हणजे एक हॉल, नऊ कपाटं, फॉर्मॅलीनच्या बरण्यांत पिवळे पडलेले साप, देवमाशाचा एक मणका आणि पेंढा भरलेलं एक गिधाड. गिधाडाची मान उघडी असतेच, पण कसर लागून याची पाठही उघडी पडली आहे. संग्रहालयाची जबाबदारी माझ्याकडे आहे, म्हणजे किल्ल्या माझ्याकडे आहेत. त्यासाठी वेगळा माणूस किंवा पैसा कधी नव्हता.

जानेवारी 2023 मध्ये एका आंबा बागायतदाराच्या मुलाचा फोन आला. वडील दिवाळीनंतर वारले होते. ‘‘सर, बाबांचे पक्षी आहेत. मेलेले. फ्रीजरमध्ये. कॉलेजला हवेत का?’’

अण्णांना मी ओळखत होतो. पंचक्रोशीत सगळेच ओळखत. वाडीच्या मागच्या अंगाला जांभ्याच्या जोत्यावर त्यांनी जाळीची मोठी खुराडी बांधली होती, वर मंगलोरी कौलं. त्यात सोनेरी फेझंट, रुपेरी फेझंट, लेडी ॲमहर्स्ट आणि एक रीव्ह्ज. हे सगळे चीन आणि आग्नेय आशियातल्या डोंगररानांतले पक्षी. कोकणातले त्यांचे भाईबंद म्हणजे मोर, राखी रानकोंबडा आणि झुडपात खसफसणारी चकोत्री. परदेशी फेझंट इथे आले ते शौकीन पाळणाऱ्यांच्या हातून, मुंबई-पुण्याच्या विक्रेत्यांकडून, कुणाच्या तरी खुराड्यात उबवून. अण्णांच्या पक्ष्यांतल्या एकानेही चीन पाहिला नव्हता.

पक्षी मेला की तो पुरायला अण्णांचं मन धजत नसे. वर्तमानपत्रात गुंडाळायचे, प्लास्टिकच्या पिशवीत घालायचे आणि आईस्क्रीमवाल्याकडून घेतलेल्या आडव्या फ्रीजरमध्ये ठेवायचे. काकूंची तक्रार जुनी होती: ‘‘माझ्या आमरसाच्या डब्यांना जागा नाही, नि ह्यांची मढी तेवढी आत!’’

सोबत एक शाळकरी दोनशेपानी वही होती. कुठला पक्षी कधी आणला, कुठल्या रंगाची रिंग घातली, कधी अंडी दिली, कधी गेला. सगळं नाही, पण बरंच. चौदा पक्ष्यांपेक्षा ती वही मोलाची होती, हे मला पहिल्या दिवशी समजलं नाही.

पेच

त्याच महिन्यात महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची तयारी चालू होती. प्राचार्या मॅडमना संग्रहालयात ‘जगातले पक्षी’ असं दालन हवं होतं. चौदा झळझळीत फेझंट फुकट मिळतायत म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. माझाही उजळला, खोटं कशाला बोलू.

खुराड्यातल्या पक्ष्याची अडचण अशी, की तो दिसायला रानातल्यासारखाच असतो. संग्रहालयातला पक्षी पुरावा मानला जातो: अमुक जातीचा पक्षी, अमुक जागी, अमुक दिवशी होता. खुराड्यातला पक्षी यातल्या प्रत्येक शब्दाला अडखळवतो. जात शुद्ध असेलच असं नाही. जागा खरी असली तरी दिशाभूल करते. चोच, नखं आणि आरा वाढलेल्या असतात, शेपटीची टोकं जाळीला घासून झिजलेली असतात, अंगावर चरबी असते. अशा पक्ष्याला पेंढा भरून काचेत उभं केलं की वीस वर्षांनी कुणालाच काही आठवत नाही.

हा धोका नुसता पुस्तकी नाही. जाँ देलाकूर या फ्रेंच पक्षीतज्ज्ञाला 1923 साली व्हिएतनाममध्ये गडद निळ्या फेझंटची एक जिवंत जोडी मिळाली. फ्रान्समध्ये क्लेर इथल्या आपल्या पक्षीगृहात नेऊन त्याने त्यांची पैदास केली आणि 1924 मध्ये झाबुई या सहकाऱ्याबरोबर ‘इम्पीरियल फेझंट’ या नव्या जातीचं वर्णन केलं. पुढची कित्येक दशकं ती जात पुस्तकांत होती, दुर्मीळ पक्ष्यांच्या याद्यांत होती. मग नमुन्यांची बारकाईने तपासणी झाली, 2003 मध्ये डीएनएचे निष्कर्षही आले, आणि निघालं काय, तर रुपेरी फेझंट आणि एडवर्ड्स फेझंट यांचा संकर. तिथे निदान जोडी रानातून आली होती आणि नोंदी ठेवणारा माणूस जगातला पहिल्या प्रतीचा होता. आमच्याकडे होतं एक फ्रीजर आणि दोनशेपानी वही.

पर्याय

मॅडमचा पर्याय सरळ होता: सगळे घ्या, सगळ्यांना पेंढा भरा, मागे डोंगर रंगवा.

दुसरा पर्याय सगळंच नाकारायचा. विभागातल्या एका सहकाऱ्याचं मत असं, की मूळ ठाऊक नसलेला पक्षी म्हणजे शोभेची वस्तू, त्यासाठी कपाट अडवू नये. त्यात तथ्य होतं. पण मुलांना शिकवायला आमच्याकडे पक्ष्याचं एकही धड कातडं नव्हतं. मादीची पिसं, पीस गळतानाच्या अवस्था, हाडांचे सांगाडे, संकर कसा ओळखायचा, या सगळ्याला खुराड्यातला पक्षी उत्तम चालतो. फक्त तो खुराड्यातला आहे हे कुणी लपवायचं नाही.

तिसरा, पक्षी मुंबईला पाठवण्याचा. तिथल्या एका मोठ्या संग्रहात काम केलेल्या परिचिताला फोन लावला. तो म्हणाला, ‘‘पक्षी राहू देत. आधी वहीचे फोटो पाठव.’’ फोटो पाहून दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला: वही आणि पक्षी जुळत असतील तर तुम्हीच ठेवा, जुळत नसतील तर आमच्याही कामाचे नाहीत. कसं जुळवायचं हेही त्याने अर्धा तास सांगितलं. पुढचं काम त्या अर्ध्या तासावर झालं.

ठरलं ते असं: वहीशी जुळतील तेवढे पक्षी अभ्यासाची कातडी म्हणून (मांडायला नव्हे, हाताळून शिकायला कापूस भरून) तयार करायचे, दोनच पक्षी पेंढा भरून मांडायचे, आणि प्रत्येकाच्या पायातल्या चिठ्ठीवर ‘पिंजऱ्यातला’ हा शब्द सगळ्यात वर लिहायचा.

पहिला टप्पा: घाई

हे ठरायच्या आधीच मी एक चूक करून बसलो होतो. मुलाने फ्रीजर एका मासेवाल्याला विकला होता आणि तो संध्याकाळी टेम्पो घेऊन येणार होता. मग काय, माशांचे दोन थर्माकोलचे खोके, त्यात बर्फ, त्यात चौदा पुडकी, आणि थेट आमच्या प्रयोगशाळेच्या डीप फ्रीजरमध्ये. एकही पुडकं उघडलं नाही. वहीही चाळली नाही.

वही वाचली दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा घेताना. जानेवारी 2021 च्या एका पानावर अण्णांच्या तिरक्या अक्षरात होतं: ‘काल एक. आज दोन. खाणं सोडलं नव्हतं. कारण कळत नाही.’

कप तिथेच राहिला. जानेवारी 2021 म्हणजे परभणीत कोंबड्यांना बर्ड फ्लू झाल्याचं निष्पन्न झालं तो महिना. त्याच सुमारास आमच्या जिल्ह्यात दापोलीला मेलेल्या कावळ्यांतही तो सापडला होता. गोठवल्याने हा विषाणू मरत नाही, उलट थंडीत तो टिकतो. आणि ते तीन पक्षी आता आमच्या फ्रीजरमध्ये, बाकीच्या अकरांना टेकून होते.

तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना बोलावलं. त्यांनी शांतपणे दोन रस्ते सांगितले. नमुने पुण्याला रोगनिदान प्रयोगशाळेत पाठवता येतील, पण अहवाल येईपर्यंत फ्रीजरला हात लावायचा नाही, आणि दोन वर्षं पडून राहिलेल्या पक्ष्यातून काय हाती लागेल याची खात्री नाही. नाहीतर ते तीन पक्षी न उघडता खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचे, फ्रीजर आतून निर्जंतुक करायचा आणि बाकीच्यांचं काम मास्क-हातमोजे घालून, बंद खोलीत, पंखा न लावता करायचं.

आम्ही पुरले. त्यात एक सोनेरी मादी, एक रुपेरी मादी आणि एकुलता एक रीव्ह्ज होता. रीव्ह्जचा नर म्हणजे दीड-दोन मीटरपर्यंत जाणारी शेपूट. खड्डा त्याच्यासाठी लांब खणावा लागला. हा मध्य चीनमधला पक्षी रानात झपाट्याने कमी होतोय आणि 2019 मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत साइटीसच्या, म्हणजे वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या कराराच्या, परिशिष्ट 2 मध्ये गेला. नमुन्यांचा अहवाल येईपर्यंत थांबलो असतो तर काय झालं असतं, हा प्रश्न मला आजही पडतो. तेव्हा आसपास परसातल्या कोंबड्या होत्या, प्रयोगशाळेत मुलं होती. पुरण्याचा निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. पण घाईत घेतला, आणि घाई आम्हीच ओढवून घेतली होती.

दुसरा टप्पा: तेरा नोंदी, चौदा पुडकी

वहीत फेझंटच्या मृत्यूच्या नोंदी तेरा होत्या. पुडकी चौदा. मला वाटलं, एक नोंद राहिली असेल.

चौदावं पुडकं उघडलं तेव्हा आतून करडी मान बाहेर आली. मानेच्या पिसांवर मेणाच्या थेंबांसारखे पिवळट-पांढरे ठिपके होते. राखी रानकोंबडा. आपल्याच रानातला. ही मानेची पिसं परदेशात गळाच्या बनावट माशा बांधायला वापरत, त्यापायी एके काळी हे पक्षी पोत्यांनी मारले गेले. ज्याने एकदा ती पिसं पाहिली तो दुसऱ्यांदा चुकत नाही.

आता प्रश्न शास्त्राचा राहिला नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 39 व्या कलमाप्रमाणे असा पक्षी, जिवंत वा मेलेला, सरकारची मालमत्ता ठरतो, आणि तो ताब्यात आल्यापासून 48 तासांत कळवावं लागतं. पुडकी येऊन तीसेक तास झाले होते.

मुलाला फोन केला. तो घाबरला. ‘‘सर, बाबांनी मारला नसेल हो. रस्त्यावर गाडीखाली आलेला उचलला असेल. तो बाजूला टाकून द्या ना, कुणाला काय कळतंय!’’ काकूंनी फोन घेतला आणि एकच विचारलं, ‘‘सर, ह्यांचं नाव पेपरात येईल का?’’

इथे क्षणभर मीही डळमळलो, हे लिहायलाच हवं. टाकून देणं फार सोपं होतं, आणि मेलेल्या माणसाच्या नावाला उगाच डाग नको असं वाटत होतं. पण तो पक्षी आता आमच्या फ्रीजरमध्ये होता. तो गुपचूप फेकला असता तर उरलेल्या तेरा पक्ष्यांच्या नोंदींवर मीच विश्वास ठेवला नसता. आम्ही त्याच दुपारी वनविभागाच्या कार्यालयात लेखी कळवलं, पत्रात पुडकं कसं, कुठून, केव्हा आलं ते जसंच्या तसं लिहिलं. वनपाल आले, पंचनामा झाला, पक्षी घेऊन गेले. मुलाचा जबाब झाला. रेंजर साहेबांनी त्याला विचारपूस करून सोडलं. पेपरात काही आलं नाही.

कायद्याची आणखी एक बाजू. 2022 च्या दुरुस्तीने साइटीसच्या यादीतल्या परदेशी जातींसाठी कायद्याला चौथी अनुसूची जोडली गेली आणि ती दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, म्हणजे आमचं काम चालू असतानाच. सोनेरी आणि ॲमहर्स्ट त्या यादीत नाहीत. रीव्ह्ज आहे. घरात कुठली जात आहे यावर नोंदणी लागते की नाही हे ठरतं, आणि जात ओळखायला येणं हाच तर आमचा तिसरा प्रश्न होता.

तिसरा टप्पा: लेडी ॲमहर्स्टचे पाय

गव्हर्नर जनरल लॉर्ड ॲमहर्स्टच्या पत्नीचं, सारा यांचं, नाव मिरवणारा हा पक्षी नैर्ऋत्य चीन आणि उत्तर म्यानमारमधला. शास्त्रीय वर्णन 1829 चं. सोनेरी फेझंटचा सख्खा नातेवाईक, आणि खुराड्यात दोघांचं सहज जमतं. त्यांची पिल्लंही वांझ नसतात, त्यामुळे दोन-चार पिढ्यांत रक्त इतकं मिसळतं की बाजारात ‘ॲमहर्स्ट’ म्हणून विकला जाणारा पक्षी कितपत ॲमहर्स्ट आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

वहीप्रमाणे आमच्याकडे दोन नर आणि एक मादी होती. पहिला नर टेबलावर घेतला तेव्हा वर्गातली दोन मुलं हरखून गेली. पांढरा खवलेदार पिसारा, शेपटीवर काळे पट्टे. शुद्ध नराचं डोकं गडद हिरवं, तांबडा तुरा फक्त मागच्या बाजूला, पोट पांढरंशुभ्र, पाय निळसर करडे. आमच्या नराचा तांबडा रंग डोक्यावरून पुढे कपाळापर्यंत घसरला होता. पोट पांढरं होतं, पण कुशीचं पीस बोटाने उलटलं की मुळाशी नारिंगी झाक दिसत होती, पानसुपारी खाणाऱ्याच्या सदऱ्याला असते तशी. दुसऱ्या नरात तर ती पोटावरही उतरली होती.

राहिले पाय. पिवळे म्हणजे सोनेरीचा अंश. पण कुठले पिवळे आणि कुठले करडे? फ्रीजरमध्ये वर्षानुवर्षं राहिलेल्या पायांचा रंग सगळ्यांचा एकच होतो, मळकट तपकिरी. मेल्या मेल्या कुणी एक फोटो काढला असता, किंवा वहीत एक शब्द लिहिला असता, तर हा प्रश्न मिटला असता. अण्णांनी सगळं लिहिलं, पायांचा रंग लिहिला नाही. त्यांना रोज दिसत होता, लिहायची गरज काय!

मादीबद्दल आम्ही काहीच ठामपणे म्हणू शकलो नाही. डीएनए करावा का यावर चर्चा झाली. मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडची बाजू सांगतो, तेवढ्याने संकर सुटत नाही, आणि बाकीचं करायला पैसे नव्हते. म्हणून प्रत्येक पक्ष्याच्या स्नायूचा एक तुकडा अल्कोहोलमध्ये राखून ठेवला. पुढे कुणाला हवा असेल तर आहे.

चिठ्ठीवर काय लिहावं यावर खरी वादावादी झाली. मॅडमचं म्हणणं: ‘‘सर, ‘रत्नागिरी जिल्हा’ असं लिहिलंत तर पाहुणे हसतील. चीन लिहा की सरळ.’’ मी म्हटलं, हा चीनला गेला असता तर व्हिसा लागला असता. शेवटी आमच्या चिठ्ठ्या अशा झाल्या (क्रायसोलोफस हे ॲमहर्स्ट आणि सोनेरी दोघांचं सामाईक शास्त्रीय नाव):

‘पिंजऱ्यातला. क्रायसोलोफस, नर, संकर (लेडी ॲमहर्स्ट × सोनेरी). खाजगी पक्षीगृहात मृत, जि. रत्नागिरी. जन्मस्थान अज्ञात, विकत घेतलेला. रिंग निळी, वहीतली नोंद जुळते. पायांचा मूळ रंग अज्ञात.’

एका पक्ष्याची रिंग वहीशी जुळली नाही. मुलं म्हणाली, उरलेली नोंद याचीच असणार, वजाबाकीने. वजाबाकीने बरोबरच असेल. पण चिठ्ठीवर आम्ही ‘नोंद जुळत नाही’ असंच लिहिलं, आणि मुलांना ते जरा हट्टी वाटलं.

चौथा टप्पा: कातडं आणि वादळ

पशुवैद्यकीय महाविद्यालयातून निवृत्त झालेले एक गृहस्थ चार रविवार आले आणि त्यांनी आम्हाला शिकवलं. आदल्या रात्री पक्षी साध्या फ्रीजमध्ये उतरवून हळूहळू सैल होऊ द्यायचा. पोटावरून चीर देऊन कातडं मोज्यासारखं उलटं काढायचं. बोरॅक्स चोळायचा, कापूस भरायचा. जुन्या काळी याला आर्सेनिकचा साबण लावत, म्हणून आमच्या त्या गिधाडालाही आता हातमोज्यांशिवाय कुणी हात लावत नाही.

खुराड्यातल्या पक्ष्याची खरी डोकेदुखी म्हणजे चरबी. अण्णांचे पक्षी लाडावलेले होते, शेंगदाणे खाऊन वाढलेले. कातडीखाली पिवळीधमक चरबी. ती तशीच राहिली तर वर्षा-दोन वर्षांत तेल सुटतं, पिसं चिकटतात, कातडं जळल्यासारखं कडक होतं. बोथट सुरीने खरवडून, भांडी घासायच्या लिक्विडने दोनदा धुऊन, केस वाळवायच्या ड्रायरने एकेक पीस फुलवत बसावं लागलं. एका पक्ष्याला अख्खा दिवस.

दोन पक्ष्यांच्या बाबतीत मात्र सुरी लावताच हार मानावी लागली. पोट हिरवट होतं, पिशवीत बर्फाचे मोठे खडे होते, आणि चिमटीत धरलं की पिसं मुठीने हातात येत होती. उत्तर वहीत होतं. मे 2021, तौक्ते: ‘वादळ. लाईट नाही. पक्षी बर्फाच्या फॅक्टरीत नेले.’ अण्णा वादळ ओसरताच चौदाच्या चौदा पक्षी टेम्पोत घालून बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात घेऊन गेले होते, तिथे जनरेटर होता. तोवर वरच्या थरातले दोन पाघळले होते. त्या दोघांचे सांगाडे केले आणि पंख पसरून वाळवले.

निष्पत्ती

चौदापैकी तीन पुरले, एक वनविभागाकडे गेला. उरलेल्या दहातून सहा अभ्यासाची कातडी झाली, दोन सांगाडे आणि दोन पेंढा भरलेले पक्षी: एक रुपेरी नर आणि एक पिवळा ‘सोनेरी’ नर. हा पिवळा प्रकार रानात नसतोच. तो इटलीत बोलोन्याच्या घिगी या प्राध्यापकाच्या नावाने ओळखला जातो, खुराड्यात निपजलेला रंगबदल आहे. दालनात मांडायला आम्ही मुद्दाम तोच निवडला. त्याला चीनचा म्हणायची सोयच नव्हती.

मागे डोंगर रंगवले नाहीत. अण्णांच्या खुराड्याची गंजलेली जाळी मुलाने कापून आणून दिली, ती मागे लावली. पुढ्यात पाणी पिण्याची त्याची करवंटी ठेवली. मूल्यांकनाचे पाहुणे काचेपाशी बराच वेळ उभे होते, हसलं कुणी नाही. शेरा काय लिहिला ते मला कळलं नाही.

एक गोष्ट मात्र चांगलीच फसली. पुढच्या वर्षी विद्यार्थ्यांनी आमच्या संग्रहाची यादी संगणकावर चढवली आणि ती एका जागतिक जैवविविधता माहितीकोशात गेली. चिठ्ठीवर सगळ्यात वर असलेल्या ‘पिंजऱ्यातला’ या शब्दासाठी तक्त्यात वेगळा रकाना होता, तो रिकामा राहिला. जात, जिल्हा, तारीख, अक्षांश-रेखांश बरोबर भरले. नकाशावर कोकण किनाऱ्यावर सोनेरी फेझंटचा ठिपका उमटला. महिनाभराने चिपळूणच्या एका पक्षीनिरीक्षकाचा फोन आला: ‘‘सर, आपल्याकडे सोनेरी फेझंट? कुठल्या रानात?’’ मी चिठ्ठीसाठी एवढा भांडलो होतो आणि यादी तपासायला बसलो नव्हतो. दुरुस्ती होऊन ठिपका हटायला चार महिने लागले.

दुसरी गोष्ट पावसाळ्याची. सहापैकी एका कातड्याला पहिल्याच श्रावणात बुरशी आली. डांबरगोळ्यांनी कसर थांबते, बुरशी थांबत नाही. आता घट्ट झाकणाचे डबे आहेत, सिलिका जेल आहे, आणि जूनच्या आधी प्रत्येक कातडं दोन आठवडे उणे 20 अंशांत ठेवतो.

आज पुन्हा करायचं झालं तर

पुडकी घरीच उघडायची. पडवीत, मुलाच्या समोर, एकेकाचा फोटो काढून. रानकोंबडा तिथेच सापडला असता आणि वनपाल तिथेच आले असते. वही पक्ष्यांच्या आधी वाचायची. मासेवाल्याला दोन दिवस थांबवण्यासाठी हजार रुपये दिले असते तरी स्वस्त पडलं असतं. रीव्ह्जच्या बाबतीत पुण्याचा रस्ता धरला असता, फ्रीजर महिनाभर सील राहिला असता तरी.

मॅडमशी वाद मात्र पुन्हा तसाच घातला असता. फक्त आधी त्यांना इम्पीरियल फेझंटची गोष्ट सांगितली असती. ती मी त्यांना शेवटी सांगितली आणि त्या म्हणाल्या, ‘‘हे तुम्ही आधी का नाही बोललात?’’

अण्णांच्या खुराड्यात अजून चार सोनेरी फेझंट आहेत, मुलगा त्यांना टाकून द्यायला तयार नाही. त्याच्या नव्या छोट्या फ्रीजरच्या दाराला आम्ही सुतळीने एक पेन्सिल आणि छापील चिठ्ठ्यांची गड्डी बांधून दिली आहे. गेल्या मार्चमध्ये एक पुडकं आलं. चिठ्ठीवर तारीख नव्हती, रिंग नव्हती, वजन नव्हतं. वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात फक्त एवढंच लिहिलं होतं: ‘पाय पिवळे.’ तारीख मी फोन करून विचारून घेतली.